रापणीला लागणारे हात

वऱ्हाडात खारं पाणी आहे, पण ते जमिनीखाली. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदली की जे पाणी लागतं, ते पिता येत नाही आणि पिकालाही मानवत नाही. मासोळी मात्र आपल्याकडे गोड्या पाण्याचीच. सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण, महानची काटेपूर्णा, वारी भैरवगडजवळचं वान धरण, आणि पावसाळ्यानंतर भरलेले गावतलाव. बाजारात रोहू, कतला, मृगळ, कधी मरळ, कधी वाम, आणि रस्सा घट्ट करणारे झिंगे. ही मासोळी धरणात येते कशी, हे बऱ्याच खाणाऱ्यांना ठाऊक नसतं. रोहू-कतला साचलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून केंद्रात तयार केलेलं मत्स्यबीज वाढवून त्याची बोटुकली धरणात सोडतात आणि सहकारी संस्थांचे भोई बांधव ती मोठी झाल्यावर धरतात. हे बीज माणसाच्या हातून तयार करण्याची वाट १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी दाखवली. माशाच्या मेंदूतळाच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. धरणातला मासा हा या अर्थानं पेरलेला मासा आहे.

समुद्रातला मासा कुणी पेरलेला नसतो. वऱ्हाडातून कोकणात फिरायला जाणाऱ्या माणसानं हा एक फरक मनाशी धरला, तर तिथं जे दिसतं त्याचा अर्थ लवकर लागतो.

जाणारे आता पुष्कळ आहेत. नागपूर–मडगाव गाडी बडनेरा, अकोला करत कोकण रेल्वेला लागते. कुडाळला उतरलं की मालवण तीसेक किलोमीटर. मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा, तोंडवळी या किनाऱ्यांवर न्याहारी-निवासाची सोय असलेली घरं आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ घरांत पाहुण्यांना मासेमारी दाखवण्याची तयारीही असते. कुणी खाडीत होडीतून नेऊन गळ टाकायला देतं, त्याला तिकडे गरवणं म्हणतात. कुणी गुडघाभर पाण्यात उभं राहून पाग कसा फेकायचा ते शिकवतं. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. हवेत ते छत्रीसारखं उघडलं पाहिजे. नवख्याच्या हातून ते चिरगुटासारखं पडतं, आणि त्यातही मजा असते. पण माझ्या मते पाहुण्यानं खरोखर ज्यासाठी जावं, ती गोष्ट म्हणजे रापण. कारण रापणीत पाहुण्याचा हात केवळ हौसेखातर लागत नाही. तो तिथं कामाला येतो.

रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं प्रचंड जाळं. गोव्यात त्यालाच रांपण म्हणतात. कित्येकशे मीटर लांबीच्या या जाळ्याच्या वरच्या दोराला तरंगती बुचं आणि खालच्या दोराला वजनं बांधलेली असतात, त्यामुळे पाण्यात ते भिंतीसारखं उभं राहतं. पूर्वी दोर काथ्याचा आणि जाळं सुताचं किंवा तागाचं असे. आता दोन्ही नायलॉनची आहेत. एका जाळ्याची मालकी सहसा एका माणसाची नसते. वाडीतली अनेक घरं आपापले तुकडे आणतात, ते जोडून रापण तयार होते आणि तिच्या संघात त्या घरांचा वाटा ठरतो.

पहाटे किंवा दिवस कलताना कुणीतरी अनुभवी माणूस पाण्याकडे बघत असतो. बांगड्यांचा किंवा तारल्यांचा थवा किनाऱ्याजवळ आला की पाण्याचा रंग तेवढ्या पट्ट्यात बदलतो, वर बारीक खळबळ दिसते, पक्षी घिरट्या घालू लागतात. खूण पटली की जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात ठेवून होडी समुद्रात शिरते. जाळं सोडत सोडत ती मोठं अर्धवर्तुळ घालते आणि दुसरं टोक दूरवर किनाऱ्याला आणून देते. आता थवा जाळं आणि वाळू यांच्या मधे सापडलेला असतो. इथून ओढणं सुरू होतं.

दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा. पाय वाळूत रोवायचे, अंग मागं टाकायचं, दोर कमरेशी घ्यायचा आणि एका तालात मागं सरायचं. रांगेच्या शेवटी पोचलेला माणूस दोर सोडतो आणि पुढं पाण्याशी जाऊन पुन्हा धरतो. दोन्ही बाजू सारख्या वेगानं ओढल्या गेल्या पाहिजेत. एक बाजू पुढं गेली की जाळं तिरकं होतं आणि थव्याला वाट मिळते. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकत येतात. जाळ्यातून निसटण्याइतक्या फटी सुरुवातीला माशांना पुष्कळ असतात, तरी ते सहसा निसटत नाहीत, आणि ही मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते. थव्यातला मासा शेजारच्या माशाकडे बघून वळतो. त्याच्या दोन्ही कुशींवर पाण्याचा दाब ओळखणारी एक संवेदनरेषा असते. समोर हलणारी भिंत जाणवली की सगळा थवा तिच्यापासून दूर, म्हणजे आतल्या बाजूला वळतो. जाळं त्यांना धरण्याआधी हाकतं. खरी घाई अखेरच्या टप्प्यात होते. जाळ्याचा मधला खोल भाग उथळ पाण्यात येतो, तेव्हा खालचा दोर जमिनीवरून उचलला गेला तर मासे त्याखालून निघून जातात. म्हणून चार-सहा जण छातीभर पाण्यात शिरून तो पायाखाली दाबून धरतात. या सगळ्याला तास-दोन तास तरी लागतात, मोठ्या रापणीला त्याहून जास्त.

एवढ्या ओढण्याला किती माणसं लागतील याचा अंदाज करा. तरणी मुलं नोकरीसाठी मुंबई-गोव्याला गेलेल्या वाडीत ती रोज मिळत नाहीत. म्हणूनच वाटेनं जाणाऱ्यानं दोराला हात लावला की त्याचं स्वागत होतं, आणि मासळी लागली तर त्याच्या ओंजळीत चार मासे पडतात. ही प्रथा पर्यटनाच्या फार आधीची आहे. विक्रीतून आलेल्या पैशात जाळ्याचा, होडीचा आणि कष्टाचा असे वाटे निघतात. त्यांचं प्रमाण गावोगावी वेगळं. पण ओढणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही रीत बहुतेक किनाऱ्यांवर आढळते. पाहुण्यासाठी इथं वेगळा खेळ मांडावा लागत नाही. त्याची जागा व्यवहारात आधीपासून आहे.

मात्र केव्हा जायचं, हे बघितलं पाहिजे. वऱ्हाडातली बहुतेक घरं मे महिन्यात निघतात. अकोल्याचा पारा ४५ च्या पुढं गेलेला, शाळांना सुट्टी, त्यामुळे ते साहजिक आहे. पण तोवर मासेमारीचा हंगाम उतरणीला लागलेला असतो. १ जून ते ३१ जुलै राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. नद्याही गाळ आणि क्षार आणून सोडतात. अकोल्याच्या शिवारातून वाहून गेलेली माती पूर्णेतून तापीत आणि तापीतून सुरतेजवळ याच अरबी समुद्रात पोचते. या खताच्या जोरावर पाण्यात सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी वाढतात, आणि तारली, बांगडा हे किनाऱ्याजवळ थव्यानं चरणारे मासे त्यांच्यावर पोसतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पाण्यात लोटल्या जातात त्याचं कारण या चक्रात आहे. सप्टेंबर ते डिसेंबर हे रापणीचे भरीचे महिने. रापण बघायची असेल तर वऱ्हाडच्या माणसानं दिवाळीच्या सुट्टीत निघावं. सोयाबीन घरात आलेलं असतं, कापसाची पहिली वेचणी झालेली असते, आणि समुद्रही शांत झालेला असतो.

मेमध्ये न जाण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. पावसाळा जवळ आला की समुद्र दिवसागणिक अवखळ होतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. त्या बातमीचा चटका अकोल्यापर्यंत पोचला होता. धरणाच्या कडेला वाढलेल्या, उत्तम पोहणाऱ्या माणसालाही लाटेखालच्या ओढीचा अंदाज नसतो. होडीत चढण्याआधी जीवरक्षक जाकीट अंगावर बांधलेलं असावं. सोबतच्या डब्यात ठेवलेलं जाकीट कुणाला वाचवत नाही. होडीवाला आज नको म्हणाला तर घासाघीस करू नये. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ज्या दिवशी स्वतः पाण्यात जात नाही, त्या दिवशी पाहुण्यानं जाण्याचं काही कारण नाही.

रापण अजून उरली आहे, ती सहज उरलेली नाही. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन तळ खरवडू लागले आणि गोव्यातल्या रांपणकारांच्या जाळ्यात मासळी लागेनाशी झाली. माथानी सालढाणा यांच्या पुढाकारानं रांपणकारांनी मोठा लढा उभारला. किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवा, ही त्यांची मागणी होती. देशातल्या किनारी राज्यांत सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे येण्यामागं अशा लढ्यांचा रेटा आहे. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. मालवणात पुढं हाच वाद पर्ससीन जाळ्यांवरून पेटला. पर्ससीन थव्याला चहूबाजूंनी घेरतं आणि खालून दोरी ओढून पिशवीसारखं आवळलं जातं. खोल पाण्यात अख्खा थवा एकदम उचलला जातो, किनाऱ्यापर्यंत यायला काही उरत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं पर्ससीनवर मुदतीची आणि क्षेत्राची बंधनं घातली. त्यांच्या अंमलबजावणीवरून आजही किनाऱ्यावर तक्रारी होतात, आणि मला त्या योग्य वाटतात. रापण किनाऱ्याला जे येईल तेवढंच घेते. ज्या दिवशी थवा येत नाही, त्या दिवशी शंभर हात ओढूनही जाळ्यात शेवाळ, खेकडे आणि दोन-चार मुठी बारीक मासळी येते. पैसे देऊन आलेल्या पाहुण्यानं ते समजून घ्यायला हवं. मासा मिळण्याची हमी देणारा समुद्र कुठंच नाही.

बेटावरची मासेमारी हवी असेल, तर मालवणसमोरच कुरटे बेट आहे. त्यावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाच्या बांधकामाला सुरुवात केली. पण त्या बेटाभोवतीचं पाणी हे मासे धरण्याचं ठिकाण नव्हे. १९८७ साली इथं सुमारे २९ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. किल्ल्याच्या आसपास खडकांवर प्रवाळ आहेत, आणि त्यांच्या आडोशानं रंगीत माशांच्या अनेक जाती राहतात. नळी लावून पाण्यात डोकं बुडवलं की ते दिसतात. त्यांना जवळ आणण्यासाठी पाव किंवा बिस्किटं टाकण्याची सवय मात्र वाईट. प्रवाळावरची शेवाळं खाऊन खडक साफ ठेवणारे मासे पावाला चटावतात आणि त्यांचं काम सोडतात. प्रवाळावर पाय ठेवून उभं राहणं तर त्याहून वाईट. तो दगड दिसला तरी जिवंत प्राण्यांची वसाहत असतो आणि वर्षाकाठी फार थोडा वाढतो.

आपल्या देशात बेटावरची मासेमारी जिथं खरोखर जगण्याचा कणा आहे, ती जागा म्हणजे लक्षद्वीप. ३६ बेटं, त्यातली १० वस्तीची, आणि सगळी मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. तिथं जायला प्रवेश परवाना लागतो. मिनिकॉय आणि अगत्तीचे मच्छीमार कुपा मासा जाळ्याशिवाय धरतात. आधी प्रवाळबेटाच्या आतल्या शांत पाण्यातून बारीक जिवंत मासे पकडून बोटीच्या टाकीत ठेवायचे. बाहेर खोल समुद्रात कुप्याचा थवा दिसला की ते मूठ मूठ पाण्यात फेकायचे आणि वरून पाण्याचे फवारे मारायचे. फवाऱ्यांनी पृष्ठभाग असा थरथरतो की तिथं बारीक माशांचा मोठा थवा उसळतोय असं कुप्याला वाटतं. मग बोटीच्या कडेला ओळीनं उभे राहिलेले मच्छीमार काठीला बांधलेले, मागं काटा नसलेले गळ टाकतात आणि एका झटक्यात मासा डोक्यावरून मागं फेकतात. गळाला उलटा काटा नसल्यानं मासा हवेतच सुटतो आणि गळ पुन्हा पाण्यात. इथं धरला जाणारा पट्टेरी कुपा जन्मभर पोहत राहतो, कारण त्याला तरंगायला मदत करणारी हवेची पिशवीच नसते. थांबला तर तो बुडू लागतो आणि त्याच्या कल्ल्यांतून पाणीही वाहत नाही. या पद्धतीत कासव किंवा डॉल्फिन चुकून सापडण्याची भीती जवळजवळ नसते, म्हणून जगभरचे अभ्यासक तिची शिफारस करतात. अंदमानला सेल्युलर जेल बघायला जाणारी मराठी माणसं पुष्कळ. त्यांनाही तिथं गळाची मासेमारी करवणाऱ्या बोटी मिळतात. मोठा मासा धरून, फोटो काढून परत सोडण्याची त्यातली रीत आहे. सोडायचाच असेल तर तो ओल्या हातानं धरावा आणि पाण्याबाहेर क्षणभरच ठेवावा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि तो थर त्याला रोगांपासून जपत असतो.

पाहुण्याच्या मोबाइलचा रापणीवर एक खरा उपयोग आहे. जाळ्यात कधी कधी समुद्री कासव येतं, क्वचित देवमुशीसारखा संरक्षित मासाही. त्यांना सोडवायला जाळं कापावं लागतं, आणि ते गरिबाचं मोठं नुकसान असतं. महाराष्ट्र सरकारनं २०१८ मध्ये त्यासाठी भरपाईची योजना आणली. फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. प्राणी अडकल्याचे आणि सोडून दिल्याचे फोटो मात्र द्यावे लागतात. दोन्ही हात कामात गुंतलेल्या मच्छीमाराला फोटो काढायला फुरसत नसते. अशा वेळी पाहुण्यानं कासवासोबत स्वतःचा फोटो काढण्याऐवजी सुटकेचे स्वच्छ फोटो काढून रापणकाराला पाठवले, तर त्याच्या कागदाला आधार मिळतो.

जाळं वाळूवर आलं की लहान मुलं मासे उचलायला धावतात. त्यांना आवरावं. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही पंखांत ताठ, दातेरी काटे असतात. आपल्याकडच्या नदीतल्या काटेरी मिशाळ मासोळीनं ज्याला टोचलं आहे, त्याला हे सांगायला नको. पाकटाच्या शेपटीतला काटा त्याहून विषारी. टोचलाच तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा, कारण ते विष उष्णतेनं निकामी होतं, आणि मग दवाखाना गाठावा. मासे निवडण्याचं काम किनाऱ्यावरच्या बायका इतक्या झपाट्यानं करतात की डोळा ठरत नाही. लिलाव जागेवरच होतो. टोपल्यांचे दर पुकारणं, तोडणं, उधारी लक्षात ठेवणं हे सगळं बहुतेक त्यांच्याच हाती असतं. मासेमारीचा अर्धा भाग पाण्यात घडतो आणि अर्धा इथं. पाहुणे पहिला बघून निघून जातात, हे मला खटकतं. लिलाव संपेपर्यंत थांबावं. राज्यानं ५४ जातींच्या माशांसाठी धरण्याजोगा किमान आकार ठरवून दिला आहे. पापलेटाचा १३५ मिलिमीटर. २०२३ साली राज्यमासा म्हणून जाहीर झालेल्या या पापलेटाची तळहातापेक्षा लहान पिल्लं हौसेनं विकत घेणारा ग्राहकही मासळीच्या घसरणीत भागीदार असतो.

ओंजळीत पडलेले बांगडे त्याच दिवशी राहत्या घरी द्यावेत. तिरफळ घालून केलेलं त्याचं तिखलं वऱ्हाडी जिभेलाही आवडतं. ताजा बांगडा गाडीतून अकोल्याला नेण्याचा मोह धरू नये. या जातीच्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो, आणि बर्फाविना काही तास गेले की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. मग शिजवूनही ते जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. घरी काही न्यायचंच असेल तर सुकं न्यावं. सुकट, बोंबील आणि सुके झिंगे आपल्या आठवडी बाजारांत फार पूर्वीपासून येतात. विकत घेताना मचाणावर किंवा वलांडीवर वाळवलेलं सुकं मागावं. वाळूवर पसरून वाळवलेलं स्वस्त मिळतं, पण दाताखाली कचकच येते. चांगला सुका मासा दाबला तर बोट उमटत नाही, आणि वास खमंग असतो, आंबूस नाही. घरी आणल्यावर कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात एकदा दाखवून बरणीत भरला की ज्वारीच्या भाकरीशी तो पुढच्या मृगापर्यंत पुरतो.